बोटांवर मोजण्याइतके

भावाच्या खाटेवर भलताच माणूस बसला होता. नवा शर्ट, चापूनचोपून पाडलेला भांग, मांडीवर फुलं.

"माझा भाऊ कुठाय?" ताईने विचारलं. ती बस चालवायची. दुपारची फेरी संपवून गणवेशातच तडक इस्पितळात आली होती.

"खाली हलवलाय," मोठ्या सिस्टर नजर चुकवत म्हणाल्या. "घटकाभराचा प्रश्न आहे. संरक्षणमंत्री येतायत, टीव्हीवाले येतायत. ज्यांना बसता येतं, हसता येतं, तेवढेच इथे ठेवायचे. वरून हुकूम आहे, मी तरी काय करू?"

खाली म्हणजे तळघरात, चादरी धुवायच्या खोलीत. यंत्रांच्या घरघरीत खाटांना खाटा लागलेल्या. धाकटा दाराजवळच पडला होता. एक पाय गुडघ्याखाली नव्हता, दुसऱ्यात सळ्या. ताईला पाहून तो हसला.

"ये. बस कुठे उभी केलीस?"

"डेपोत. तुला इथे कोणी आणून टाकलं?"

"ते राहू दे. बघ, सुरू झालं."

धुणाऱ्या मावशींनी भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज मोठा केला. वरचाच वॉर्ड दिसत होता. पडदेसुद्धा नवे. मंत्री याच्या पाठीवर थाप मार, त्याच्या खांद्यावर हात ठेव, असं करत फिरत होते. बाहेर फाटकाशी लोक 'युद्ध थांबवा' म्हणून घसा फोडत होते. टीव्हीवर त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"मोहीम आता शेवटच्या टप्प्यात आहे," मंत्री म्हणाले. गेल्या वर्षीही ते हेच म्हणत होते. ताईच्या बसमधले लोक हल्ली त्यांचा आवाज आला की 'रेडिओ बंद करा' म्हणून ओरडायचे. "काही जण उगाच भीती पसरवतात. जखमी किती? बोटांवर मोजण्याइतके! आणि तेही बघा, कसे ताजेतवाने आहेत!"

डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक जण म्हणाला, "मग आपण कोण रे?"

"आपण चादरी," कोपऱ्यातून उत्तर आलं, आणि खोली खो खो हसली. धाकटा हसला नाही. तो बहिणीकडे बघत होता.

"ताई, खाटेला चाकं आहेत."

ती समजली. "वेडा आहेस का? उद्या तुझं पेन्शन अडकवतील. माझी नोकरी जाईल."

"म्हणून तर तूच ठरव."

टीव्हीवर मंत्री त्या मांडीवर फुलं घेतलेल्या माणसाबरोबर फोटो काढून घेत होते. ताईने पायानेच चाकाची खिट्टी सोडली.

"सलाइन धर. घट्ट."

खाट बोळातून सुसाट सुटली. वळणावर तिने मागची बाजू अशी काही फिरवली की भिंतीला नखसुद्धा लागलं नाही. समोरून रखवालदार दोन्ही हात पसरून आला. "थांबा! कुठे नेताय?"

"वर!"

तिने वेग कमी केला नाही. इतकी वर्षं गाडी चालवली, कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण हे त्या बिचाऱ्याला कुठे माहीत? तो भिंतीला पालीसारखा चिकटला. धाकटा खदखदून हसला. तो लढाईवर गेल्यापासून ताईने ते हसू ऐकलं नव्हतं.

लिफ्टचं दार लागलं, तेव्हा दोघंही धापा टाकत होती.

"घाबरलास?"

"जाम. तू?"

"मीसुद्धा."

दार उघडलं. दिव्यांचा लखलखाट डोळ्यांत गेला. मंत्री वाक्याच्या मध्यावर होते. खाट थेट त्यांच्या पुढ्यात येऊन कचकन थांबली. घाईत चादर केव्हाच घसरली होती. भलत्या खाटेवरच्या त्या माणसाने मांडीवरची फुलं उचलून गुपचूप जमिनीवर ठेवली.

मंत्री मुरलेले गडी. लगेच सावरले. "वा! हा बघा आमचा वाघ! हा एक जरा जास्त जखमी झालाय, पण हिंमत बघा त्याची..."

मागे लिफ्टची घंटा वाजली. धुणाऱ्या मावशी पदर खोचून एक खाट बाहेर रेटत होत्या. ती निघताच रिकामी लिफ्ट पुन्हा खाली गेली. जिन्यावरून कुबड्यांची खटखट वर वर येत होती. कॅमेरावाल्याने एकदा मंत्र्यांकडे पाहिलं आणि कॅमेरा तिकडे वळवला.

"साहेब," ताई म्हणाली, "जरा पुढे सरका. मागून अजून येतायत."