तात्यांचं ताट

ताट एकच आलं, तशी कावेरीकाकींनी तोंड फिरवलं.

“ह्येंचां ताट खंय आसा?” त्या म्हणाल्या. “ह्ये जेवल्याबगर मी घास गिळूचंय नाय.”

ताट घेऊन आलेल्या आयाने, पूजाने, रोजचंच सांगितलं, काकी, तुम्ही जेवून घ्या, भात निवतोय. पलंगाशेजारच्या खुर्चीत काकींचे यजमान, गुरुदास परब बसले होते. तळेऱ्याकडच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना तात्या म्हणत. इथे वृद्धाश्रमात मात्र त्यांना कुणी काहीच म्हणत नसे. पूजाने त्यांना जेवणाचं सोडा, साधं पाणीही विचारलं नाही.

तात्यांना स्वतःच्या जेवणाचं काही नव्हतं. त्यांची भूक केव्हाच मेली होती. जीव तुटत होता तो कावेरीसाठी. जन्मभर नवऱ्यामागून जेवलेली बाई. घर विसरली, मुलाचं नाव विसरली, पण हा नेम काही विसरेना. त्या नेमापायी वाळत चालली होती. हात उचलला की बांगड्या कोपरापर्यंत घसरत.

आया समोरून जात, पण नजर देत नसत. म्हातारपणी माणसाचा भिंतीतला खुंटा होतो, अशी तात्या स्वतःची समजूत घालत. राग यायचा तो पूजाचा. सकाळी कावेरीला कुंकू लावतानाही ही पोरगी का कू करायची. नवरा समोर बसलेला असताना!

मग कणकवलीहून अस्मिताबाई आल्या. विस्मरण झालेल्या माणसांना कसं सांभाळावं, हे त्या शिकवत. त्यांची अट एकच होती. आया, स्वयंपाकी, माळी, सगळ्यांनी एकत्र शिकायला बसायचं. एकाने हो म्हणायचं आणि दुसऱ्याने नाही, तर त्या बिचाऱ्या माणसाच्या डोक्याचा भुगा होतो, असं त्यांचं म्हणणं. तात्याही मागे भिंतीला टेकून ऐकत राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. त्याची त्यांना सवय झाली होती.

“काकींना खोटं पाडू नका,” अस्मिताबाई म्हणाल्या. “त्या मनाने ज्या घरात राहतात, त्या घरात आपण जायचं. दुसरं ताट हवंय ना त्यांना? मग मांडा.”

स्वयंपाकी सत्यवानाने मान हलवली. “बाईनू, असलां ताट आत मांडूचां नसता.”

एका ताटाने याचं काय घरदार बुडणार होतं? तात्या तसं बोललेही, पण कुणी वळून बघितलं नाही. बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी सत्यवान कबूल झाला, पण ते अन्न मागाहून कुणी खायचं नाही, परसातल्या दगडी कुंपणावर, गडग्यावर ठेवायचं, असं त्याने बजावलं. उष्टं कोण खाणार म्हणा, असं तात्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांच्या पुढ्यात ताट आलं.

“तात्यानू, जेवा हां,” पूजा म्हणाली.

बोलताना ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. पण बोलली तरी! तात्यांना भरून आलं. अशी हाक ऐकून युगं लोटली होती. कावेरीने त्यांच्या ताटाकडे बघितलं, हसली आणि आपल्या भातात हात घातला. तात्यांनी घासही उचलला नाही. ती जेवत होती, आणि पोट त्यांचं भरत होतं.

मग तोच परिपाठ झाला. ताट येई, तसंच परत जाई, सत्यवान ते अन्न गडग्यावर ठेवी आणि कावळ्यांची झुंबड उडे. कावेरीच्या गालावर मांस दिसायला लागलं. येता-जाता माळीसुद्धा खुर्चीला राम राम करू लागला. पूजा न सांगता कुंकवाचा करंडा आणू लागली. शिकवण असावी तर अशी, असं तात्यांना वाटे.

गणपती गेले, पितृपक्ष लागला आणि सत्यवानाने हात वर केले. या पंधरवड्यात तरी ते ताट आत मांडणार नाही म्हणाला. पूजाने समजावलं, अस्मिताबाईंनी फोन केला, गडी ऐकेना. कावेरीने तोंड मिटलं ते मिटलंच. पेजसुद्धा घेईना. तिचे ओठ सुकले, बोलणं खोल गेलं.

तात्यांनी सगळा मान बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सत्यवानापुढे हात जोडले. तो भाताचं भांडं उतरवून त्यांच्या अगदी अंगावरून निघून गेला. दारात मात्र थबकला. चुलीपुढून आलेला माणूस, पण थंडी वाजल्यासारखे दंड चोळत राहिला.

त्यातच परबांच्या म्हाळाचा दिवस आला. मुलगा सुशांत मुंबईहून आला. आईची ही अवस्था, तिला सोडून गावी कसं जाणार, म्हणून म्हाळ इथेच घालू म्हणाला. आईच्या पाया पडला. बापाकडे ढुंकूनही बघितलं नाही. तात्यांचा पारा चढला. बाप हयात असताना मुलाने म्हाळ घालायचा नसतो, एवढंही या शहाण्याला कळू नये? आजोबांचा एवढा पुळका होता, तर आधी बापाला विचारायचं.

वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, सगळं वाढून पान गडग्यावर ठेवलं. कावळे माडावर बसून राहिले. एरवी तुटून पडणारे, आज खाली येईनात. सुशांत, पूजा, कणकवलीहून मुद्दाम आलेल्या अस्मिताबाई, सगळे उन्हात हात जोडून उभे. सुशांतने आईला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. घर विकणार नाही, शेत पडीक ठेवणार नाही, हेही सांगून झालं. कावळा हलला नाही.

तात्यांना त्या पानाचं काही पडलं नव्हतं. आत कावेरी उपाशी होती, आणि इथे सगळे माडाकडे बघत बसले होते.

शेवटी सत्यवान पुढे झाला. त्याने गडग्यासमोर हात जोडले.

“तात्यानू, माजां चुकलां,” तो म्हणाला. “आजपासून काकींसमोर तुमचां ताट रोज मांडतलंय. कदी चुकवचंय नाय.”

तात्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच क्षणी माडावरचा कावळा खाली उतरला आणि पानाला शिवला.