अंबाडा

विक्रोळीच्या जुन्या सिगार कारखान्यात आता कॉफी मिळणार होती, आणि कॉफीबरोबर इतिहास फुकट. तो लिहिला होता श्रुतिकाने. तिची नोकरी अजून कच्ची. आजचं उद्घाटन नीट पार पडलं तर पक्की. म्हणून तिने आजीला आणलं होतं. जानकीची अर्धी हयात इथेच सिगार वळण्यात गेली होती.

भिंतीवर मालकांची भली मोठी तसबीर, खाली फलक. जानकीने चष्मा सावरत एकेक अक्षर लावून वाचलं. ‘मालक आणि कामगार, इथे सारे एकाच कुटुंबातले.’

"बरोबर आहे ना, आजी?" श्रुतिकाचा साहेब अनिरुद्ध मोबाइल पुढे धरून उभा होता. रेकॉर्डिंग चालू होतं.

जानकीने नातीकडे पाहिलं. पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

"बरां लिवल्यान माझ्या नातीन," ती म्हणाली. खोटं बोलायचं तर तोंड भरून बोलावं, पण तेवढंच निघालं.

कार्यक्रम आटोपला. बाहेर पडताना दारात सिक्युरिटीची बाई उभी होती. तिला पाहताच जानकी थांबली. पिशवी खाली ठेवली, अंबाडा सोडला, केस झटकले आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली.

"मावशी, काय झालं?" बाई बावरली.

"आजी!" श्रुतिकाने तिचे हात खाली ओढले. "काय करतेस?"

जानकी भानावर आली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "झडती गो. रोज सुटताना घेयत. केसांत तंबाखूचां पान लपयलां काय ता बघूक. माझ्या बाजूच्या रुक्मिणीक तर लुगडां फेडूक लायल्यानी."

"एक नंबर!" अनिरुद्ध मागेच होता. "यार श्रुतिका, हे तर फलकावर नाहीच. आजी, परत एकदा करा ना. अगदी तसंच. रील बनवू."

जानकी केस आवळून बांधत होती. तिने मान हलवली. नको.

अनिरुद्धने मोबाइल वर धरला आणि श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिकाने खाली पाहिलं.

"आजी, एकदाच," ती म्हणाली.

जानकीने अंबाडा सोडला. या वेळी हात आपणहून वर गेले नाहीत. श्रुतिकाने ते धरून वर केले.