शहाण्णवपासूनचा आलेख

आठवडाभर चाचण्या घेऊन त्याने मासिकासाठी कॉम्प्युटरचे दोन प्रोसेसर जोखले. महागड्याला पडले शंभर गुण, निम्म्या किमतीच्याला अठ्ठ्याण्णव.

"आलेख शून्यापासून कशाला? शहाण्णवपासून सुरू कर," संपादक दात कोरत म्हणाले. "जाहिरात कोण देतं, विसरलास?"

त्याने तसा काढला. महागड्याचा खांब लगेच दुप्पट उंच दिसू लागला. ते थोतांड त्याच्या नावानिशी छापून आलं.

आठवड्याने तो बाबांकडे गेला, तर निव्वळ पत्ते खेळायला घेतलेल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरसमोर ते ऐटीत बसलेले.



"लबाड लेकाचा दुकानदार! म्हणे, तुम्हाला स्वस्तातला पुरे. तुझा आलेख नाकासमोर धरला, तेव्हा कुठे त्याची बोलती बंद झाली!"