चुन्याची रेघ

अमेरिकेत, डाकोटाच्या माळरानावर विधवा मारित आणि तिची बिनलग्नाची नणंद इंगेबोर यांना सरकारने शेजारशेजारची जमीन दिली होती. पाच वर्षं रोज आपल्याच जमिनीवर निजलं, तरच ती नावावर होणार होती. म्हणून दोघींनी हद्दीवर एकच मातीचं घर बांधलं आणि आत चुन्याची रेघ मारली. खाटा रेघेच्या दोन बाजूंना.

"वहिनी, चूल माझ्याकडे आहे. ऊब का चोरतेस?"

"वन्सं, तुमची जीभ रेघ ओलांडते, ती आवरा आधी."

"तुझी जमीन गेली ना, तर गावजेवण घालीन मी!"

पाचव्या वर्षी एकाने तक्रार केली, की मारित हिवाळाभर गावात राहते, तिची जमीन मला द्या. आठ मैलांत साक्षीदार एकच. जमीन कचेरीत इंगेबोर शपथेला उभी राहिली, तेव्हा मारितने डोळेच मिटून घेतले.



"लिहून घ्या साहेब. ही बया पाच वर्षांत एक रात्र जरी गावात राहिली असती, तर मला एक रात्र तरी झोप लागली असती. बैलासारखी घोरते!"