लांब अँटेना

“काका, हा बुटका अँटेना घ्या. मोटरसायकलच्या रेडिओला रुबाबदार दिसतो,” दुकानदार म्हणाला.

“रुबाब राहू दे. घाटात रेडिओ लागेल का?”

“मग लांबच घ्या.”

“लांबच द्या,” काकू म्हणाल्या. “जुन्यावर मी टॉवेल वाळत घातला म्हणून तो मोडला, हे कालपासून ऐकतेय.”

अकराला त्यांची नात शाल्मली आकाशवाणीवर थेट बोलणार होती. बोलताना अडखळते म्हणून ती वर्गात तोंडच उघडत नसे.

अकराला घाटात त्यांनी गाडी थांबवून रेडिओ लावला. “आमच्या शाळेत...” शाल्मलीचा आवाज आला आणि एकदम थांबला. काकांचा हात अँटेनाकडे गेला.

“हात लावू नका. खरखर नाहीये, म्हणजे रेडिओ नीट लागलाय. ती अडखळलीय. थांबा जरा.”

दोघं थांबली.

“आमच्या शाळेत बाग आहे,” शाल्मली म्हणाली आणि पुढे बोलतच राहिली.