नावापुढचा शब्द

“फलकाच्या यादीत बाबाचं नाव काऊन नाई?” धनंजयने आल्या आल्या विचारलं.

बोरगाव मेघेतल्या त्या दोन खोल्यांना कामगार वाचनालय म्हणतात. भिंतीवर मोर्चांचे फोटो, कपाटांत युनियनची जुनी दप्तरं आणि सांभाळायला एकटे प्रेमदासजी. गिरणी कधीच बंद पडली, पण या माणसाने तिच्या एकाही कागदाला वाळवी लागू दिली नाही. छत्तीस वर्षांपूर्वीच्या संपात शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या नावांचा फलक आता एक मेला लागायचा होता. धनंजयचे वडील, चंद्रभान, चार महिन्यांपूर्वी वारले. फलकावर बापाचं नाव दिसावं, एवढंच पोराला हवं होतं.

“रजिस्टर काढा. नाव असनच त्यात.”

प्रेमदासजींनी बाकड्यावर बसलेल्या त्याच्या आईकडे पाहिलं. “वैनी, राहू द्या न. मी टाकून देतो नाव. आता कोन पाहून राह्यलं?”

“दाखवा त्याले,” आनंदाबाई म्हणाली.

रजिस्टरात नाव होतं. पुढे लाल शाईत नऊ सप्टेंबर, आणि एकच शब्द: फुटला.

धनंजयचं तोंड एवढंसं झालं. माझा बाप संपवाला, असं हा गडी जन्मभर छाती काढून सांगत आला होता.

“बाबा कामावर गेलते?”

“मीच धाडलं,” आनंदाबाई म्हणाली. “तुई मोठी बहीण तीन वर्साची होती. तापानं नुसती फणफणून राह्यली होती. अन् गिरणीच्या दवाखान्यात कामावर असन त्याचंच लेकरू घेये.”

“मंग घेतलं?”

“घेतलं. सहाव्या दिवशी मेलेली हातात देली. आता पान पालट. ठराव असन तिथं.”

ठराव होता. धनंजयने मोठ्याने वाचला: “फुटलेल्यांच्या घरचे पाणी कोणी पिऊ नये. लग्नाला, मातीला कोणी जाऊ नये.” खाली पाच सह्या होत्या. तिसरी वाचून तो थांबला आणि त्याने समोर प्रेमदासजींकडे पाहिलं.

“संप टिकवाचा होता, वैनी,” प्रेमदासजी म्हणाले. “एक फुटला का मांगून दहा फुटतेत.”

“खोटं नाई म्हनत मी. पन चाळीस घरं होती चाळीत, अन् एक दार उघडलं नाई. याच्या बाबानं पोरीले सायकलवर बांधून मसनात नेलं. मांगून धरून मी चालली.” तिने पदराने तोंड पुसलं. “मरेपर्यंत त्याईनं त्या सायकलले हात नाई लावला.”

प्रेमदासजींनी खिशातला पेन काढला. “खोडून टाकतो मी हे, वैनी.”

“खोडू नोका. फुटले ते फुटले. त्याच्यापुढं एक लिवा. पोरीचं नाव लिवा, अन् लिवा का मातीले कोनी आलं नाई.”

प्रेमदासजींनी चष्मा लावला. रजिस्टर जवळ ओढलं. पेन कागदावर टेकवला आणि तसाच धरून बसले.

“काय नाव होतं पोरीचं?”

आनंदाबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

“तुमीच तं ठेवलं होतं, भाऊजी.”