वकीलसाहेब घरी काय सांगायचे

"तुम्ही अशिलाची गोष्ट घरी सांगितली?" टीव्हीवरच्या शिस्तपालन समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. पडद्यावरचा वकील खाली मान घालून उभा होता. बायकोलाच तर सांगितली, असं तो पुटपुटला. बायकोने ती भिशीत सांगितली होती, आणि त्या अशिलाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

प्रेमलताबाईंचं मालिकेत लक्ष नव्हतं. त्या दिवाणाच्या टोकावर बसलेल्या इंदूबाईंकडे पाहत होत्या. वीसेक वर्षांनी इंदूबाई या घरात आल्या होत्या, तेही नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. जुनी ओळख असलेलं हे एकच घर वगळलं असतं, तर महाल भागातल्या बायकांनी दहादा विचारलं असतं. देवापुढे अक्षता ठेवून झाल्या होत्या. अपेक्षाच्या लग्नाला तुम्ही नक्की यायचं, असं म्हणूनही झालं होतं. पूर्वी अगं-तुगं करणारी इंदू आता प्रेमलताबाईंना 'तुम्ही' म्हणत होती.

एकेकाळी या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. उन्हाळ्यात भल्या पहाटे गच्चीवर कुरडयांचा घाट असायचा. प्रेमलताबाईंनी चीक शिजवायचा आणि मागच्या गल्लीतून येऊन इंदूने सोऱ्या फिरवायचा. बर्डीच्या बाजारात साडी घ्यायला गेल्या, की सगळी दुकानं पालथी घालून पहिल्याच दुकानात परत यायच्या आणि वर त्या दुकानदारालाच नावं ठेवायच्या. मग एका उन्हाळ्यात इंदू आली नाही. दिवाळीच्या फराळालाही आली नाही. समोरून दिसली तर मधल्याच बोळात वळायची.

आपलं काय चुकलं, हे प्रेमलताबाईंनी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. नवऱ्यालाही विचारलं होतं. विश्वनाथराव जिल्हा न्यायालयातले नावाजलेले वकील. ते पेपरातून मान वर न करता म्हणायचे, येईल. मात्र त्या वर्षापासून ते स्वतः बनियनवर गच्चीत येऊन सोऱ्या फिरवायला बसू लागले. कुरडया वेड्यावाकड्या व्हायच्या. इंदूच्या हाताची सर नाही, असं प्रेमलताबाई म्हणाल्या, की ते घाम पुसून पुढची कुरडई घालायला घ्यायचे. आता तेही राहिले नव्हते.

टीव्हीवर समितीने त्या वकिलाची सनद वर्षभरासाठी निलंबित केली. पन्ह्याचे पेले घेऊन आलेली सून वैभवी ते पाहून हसली.

"बायकोजवळ नाही बोलायचं, तर माणसाने बोलायचं कोणाजवळ? हो ना आई? बाबा काय काय सांगायचे घरी?"

खरं उत्तर 'काहीच नाही' एवढंच होतं. विश्वनाथरावांनी जन्मभर कोर्टातली एकही गोष्ट घरात आणली नव्हती. इतर वकिलांच्या बायकांना अख्ख्या नागपूरच्या भानगडी तोंडपाठ असायच्या. त्या हळदीकुंकवाला रंगवून सांगायच्या आणि प्रेमलताबाईंकडे बघून म्हणायच्या, तुम्हाला तर माहीतच असेल. प्रेमलताबाई नुसतं हसायच्या. आपल्या माणसाने आपल्याला तेवढं जवळचं मानलं नाही, हा सल त्यांनी कोणाला दाखवला नव्हता. इतक्या वर्षांनी दारात आलेल्या मैत्रिणीसमोर तर तो उघडा करवेना.

"सांगायचे की," त्या म्हणाल्या. "माझ्यापासून त्यांनी काही लपवून ठेवलं नाही."

इंदूबाई उठल्या. अजून बरीच घरं राहिली आहेत, म्हणाल्या. वैभवीने पन्ह्याचा आग्रह केला, तोवर त्यांनी चपला पायात सरकवल्या होत्या. प्रेमलताबाई गुडघे सांभाळत मागोमाग व्हरांड्यापर्यंत आल्या. जरा थांब ना वं, म्हणाल्या.

शेवटच्या पायरीवरून इंदूबाई वळल्या. नजर मात्र पायरीवरच होती.

"तुम्ही कुठं बोलल्या नाही, तेवढे उपकार आहेत माझ्यावर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोडचिठ्ठी पाहिजे म्हणून त्या वर्षी मी वकीलसाहेबांच्या ऑफिसात गेली होती. मारहाणीपासून सारं सांगतलं, रडली. मंग केस न करताच नवऱ्याच्या घरी वापस गेली. संध्याकाळी ते तुम्हाले सांगतीनच, हे मले समजत होतं. कोणतं तोंड घेऊन गच्चीवर येणार होती मी? आता अपेक्षाच्या सासरच्यांच्या कानावर जाऊ नाही, एवढंच पाहा."

प्रेमलताबाईंनी कठडा धरला. उन्हात त्या एक पायरी खाली उतरल्या.

"इंदे, मी आत खोटं बोलली. त्यांनी मले जन्मभर काही सांगतलं नाही. तू त्यांच्याकडे गेली होती, हे बी मले आत्ताच समजून राहिलं."

इंदूबाईंनी मान वर केली. प्रेमलताबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग तापलेल्या पायरीवर मटकन बसल्या, पत्रिकांची पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा पदराने झटकली.